वहीची मागची बाजू

पहाटे साडेपाचला मी संकलन केंद्राचं शटर उचलते.
लोटन आप्पांची म्हैस : सहा पॉइंट चार.
भोयांची गाय : तीन पॉइंट सहा.
देवरेंच्या कॅनमध्ये आज पुन्हा
लॅक्टोमीटर गळ्यापर्यंत बुडाला.
ते मान खाली घालतात, मी आकडा लिहिते.
सातला धरणगावचा टँकर येतो.

वही उलटी केली की मागच्या बाजूला
माझं दूध.

मंगळवार : कळण्याची भाकरी, मीठ, हिरवी मिरची.
रात्री निर्वी सलग चार तास झोपली.
बुधवार : चुलतजावेकडे अर्धी वाटी शेवभाजी.
वाटणात काय होतं, विचारायला हवं होतं.
गुरुवार : गालांवर पुरळ, गुडघ्यांमागे ओल,
लंगोटात शेंबडासारखं,
त्यात लाल दोरा.

तो लंगोट मी दारात उजेडाला धरून बघितला,
दुधाची नळी धरते तसा.

जळगावच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
अंगावरचं तोडू नका, ताटातलं तोडा.
दूध, दही, ताक, तूप. मग शेंगदाणा. मग बघू.
लिहिता लिहिता विचारलं, घरी काय करतात?
म्हटलं, दुधाचंच.
त्यांचं पेन जरा थांबलं.

डिंकाच्या लाडवांचा डबा अजून भरलेला आहे.
साजूक तुपातले. सासूबाई रोज झाकण उघडतात, लावतात.
"एक घास खाईसन काय व्हस वं माय?"
गल्लीत कुणी म्हणालं, हिचा पान्हाच बाधतो.
कुणी म्हणालं, नजर.
मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या,
मी खोकून खोकून बेजार,
निर्वी हसली.

थंडीत पळाट्यांवर वांगी भाजली,
सगळं शिवार भरिताला बसलं.
मी माझी वाटी आधीच बाजूला काढली, दाणे पडायच्या आत,
आणि सगळ्यांकडे पाठ करून खाल्ली.
पाजणाऱ्या बाईची भूक
जिभेला नसते, हाडांना असते.
ब्लाऊज दोनदा आत घेतले.

दुपारी तिला घेते तेव्हा
तिचा गाल छातीला लागतो
नुकती टाकी लावलेल्या जात्यासारखा.
गावातल्या कुठल्या दुधात किती पाणी
मला वासानेही सांगता येतं.
माझ्यात काय उतरलंय ते मात्र
तीच एकटी मोजते,
दात नसलेली, सहा महिन्यांची,
आणि काटा तिच्याच कातडीवर हलतो.

एका संध्याकाळी सासूबाई केंद्रावर आल्या.
डोक्यावर पाटा, हातात वरवंटा.
माळ्यावरचा काढला, तीनदा गरम पाण्याने धुतला.
"हाऊ पाटा फक्त तुना. याले दाना लागू देवाव नही."
मग कॅनवर बसल्या, पदराने मान पुसली,
आणि न विचारता सांगितलं :
युवराजच्या आधी एक पोर व्हती.
तिलेबी असंच व्हये. लाल.
मना दूधले नावं ठेवी सगळा.
तवय कोणी वही लिखी नही.

टँकर आला. मी कॅन उचलले.
त्यांनीही एक कडी धरली.

नवव्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी फोनवर सांगितलं,
एक चमचा घेऊन बघा, तुम्ही, तिला नाही.
रविवार, सकाळी आठ : दही, एक चमचा.
पुढची ओळ सोमवारची, ती सोमवारी लिहीन.
तिचे गाल दर तासाला बघतेय.

चव लिहायला वहीत रकाना नाही.
आंबट होतं.
चमचा मी दोनदा चाटला.