चादरीखालचं मशीन

हायवेलगत त्यांनी पाचशे गाड्यांचं पटांगण आखलं
तेव्हा तिथे भाताची खाचरं होती.
आता रात्रभर पिवळा बोर्ड जळतो.
त्याचा उजेड आमच्या न्हाणीघराच्या काचेपर्यंत येतो
आणि दाढी करता करता तात्सुझो म्हणतो,
फुकटचा दिवा आहे, नको कशाला म्हणा.

आमचं दुकान सोळा फुटी.
पाटीवरचं एक अक्षर, ज्याचा अर्थ वीज,
गेल्या बर्फात निखळून पडलं.
ते फ्रिजवर ठेवलंय. विकायच्या फ्रिजवर.

वही माझ्याकडे असते.
त्यांची जाहिरात शेजारी पसरून
मी आमची खरेदी ताडून पाहिली:
ते ज्या भावाला विकतात
त्या भावाला कंपनी आम्हाला देतसुद्धा नाही.
तीनदा बेरीज केली. बेरीज शहाणी होती,
एका येननेही हलली नाही.

चार घरांच्या किल्ल्या आमच्या खिळ्याला.
त्या घरांची मुलं सेंदाईला, ओसाकाला,
नवीन वर्षाला येतात, पुन्हा जातात.
रात्री नऊला इवाबुची आजोबांचा फोन,
टीव्हीतला माणूस आज हळू बोलतोय.
तात्सुझो बर्फातून जातो,
आवाज वाढवतो,
चहा पिऊन येतो.
मी वहीत तारीख घालते, नाव घालते,
पुढचा रकाना कोरा.

नोव्हेंबरात ओरिहारा बाईंचा फोन आला,
नळ गळतोय म्हणून.
मीही गेले, गाडीत हीटर उतरवायचा होता पुढे.
नळ कोरडा ठणठणीत.
पाणी कोपऱ्यातून येत होतं,
आणि कोपऱ्यात
निळ्या फुलांची इस्त्रीची चादर पांघरून
काहीतरी उभं होतं, कमरेएवढं, चौकोनी.
चारी टोकं नीट खोचलेली,
जसं कुणाला थंडी वाजू नये.

सोळा वर्षांपूर्वीचं त्यांचं मशीन आमच्याकडचं.
तीनदा उघडून जोडलेलं. ते कुठे दिसलं नाही.
बाई दारात. दोन्ही हात एप्रनखाली.

मी तोंड उघडणार होते.
तात्सुझोने गुडघे टेकले,
चादर उचलली नाही,
तिच्याखालून हात घातला
आणि मान वळवून भिंतीकडे बघत राहिला,
बोटांनीच पाइप चाचपत.
पट्टी सैल होती. बसवणाऱ्यांना घाई असणार,
त्यांना दिवसाला वीस घरं असतात म्हणे.
दोन पिळे. पाणी थांबलं.
नळ झाला, तो म्हणाला.
नळच होता ना? बाईंनी विचारलं.
नळच.

गाडीत मी जे बोलले ते इथे लिहीत नाही.
पेन्शन किती असते ते मलाही कळतं,
पण मशीन विकत तिकडून घ्यायचं
आणि बर्फाच्या दिवशी हाक आम्हाला?
त्याने वायपर लावला, बंद केला, पुन्हा लावला.
मग म्हणाला,
चादर घातली ग तिने.
त्या दुकानाला लाजून
कुणी काही झाकतं का?

मला हे पटलं नाही.
लाजेवर दुकानाचं भाडं निघत नाही,
आणि मार्चमध्ये कंपनीचा माणूस येतो तेव्हा
तो किल्ल्या मोजत नाही, नग मोजतो.
तरी घरी येऊन मी लिहिलं:
ओरिहारा. नळ. तीनशे येन.

तीनशे त्यांनी सुट्टे मोजून दिले होते,
वर पाच मुळे, मातीसकट,
हातात येईल त्या पिशवीत घालून.
पिशवी पिवळी.
त्यावर त्यांचं नाव, एवढं मोठं.
बाईंच्या ध्यानात आलं नसावं,
किंवा आलं असेल, तोवर गाडी सुटली होती.

मुळे आम्ही चार दिवस खाल्ले.
पिशवी मी धुऊन, घडी घालून
वहीच्या खणात ठेवलीय.
मजबूत आहे. खोटं कशाला बोला.