बाल्कनी, डावं दार

नाशिकरोडला, प्रेस सुटली की ज्याचा सहाचा शो भरायचा
त्या थिएटरात सव्वीस वर्षं मी अंधार सांभाळला.
पुंजाराम गांगुर्डे, डोअरकीपर.
हातात बॅटरी, बाल्कनी, डावं दार.

उडणाऱ्या माणसांचे सिनेमे आले
तेव्हा पोरं पाठीला टॉवेल बांधून यायची.
पहिल्या दिवशी मीही बघितलं त्याला :
छाती, हनुवटी, वाऱ्यावरचा झगा.
दुसऱ्या दिवसापासून तो उडाला की मी चहाला.
जिंकणार हे तिकिटावरच छापलेलं,
बघायचं काय त्यात?

पण त्या दुसऱ्याची एन्ट्री असली
की अर्धा कप टाकून जिना चढायचो.

एक होता लोखंडी जबड्याचा.
तोंड झाकलेलं, हिंदीतला आवाज
कुणा भलत्याच माणसाचा.
तरी पूल पाडायच्या आधी
तो खांदे असे खाली सोडायचा
जसा तांबट आळीतला म्हातारा
घागरीवरच्या शेवटच्या ठोक्याआधी.
रोज चार शो, पाच आठवडे.
तो खांदा मला कधी शिळा वाटला नाही.

सगळेच असे नव्हते.
एक नुसताच हसायचा, रंग फासून, हिरड्या दाखवून.
त्याच्या वेळी मी चहाबरोबर वडाही खाल्ला.

एक बाई होती.
तिनं अख्खं शहर गोठवलं,
मग हातमोजा काढून खिडकीच्या काचेवर
बोटानं स्वतःचं नाव लिहिलं, शाळेतल्या मुलीसारखं,
आणि पुसलं.
ऑपरेटर रज्जाकला म्हटलं,
हे कुणी लिहून दिलेलं नसणार, हे तिचं आहे.
तो म्हणाला, तुला काय माहीत?
नव्हतंच माहीत.
पण पुसून झाल्यावर तिचं मनगट
काचेवरून जरा उशिरा निघायचं.

आणि तो सावकाश बोलणारा,
ज्यानं शेवटपर्यंत आवाज चढवला नाही.
समोरच्याला संपवण्याआधी विचारायचा,
मुलीचा पेपर कसा गेला?
आणि उत्तरासाठी थांबायचा.
खरोखर थांबायचा.
बाल्कनीत शेंगा फोडणारे हात तिथल्या तिथे.
वर जुना पंखा, दर फेऱ्याला खट्.
मी मोजले होते, चौदा खट्.

बायको म्हणायची, देवाच्या गावात राहून
राक्षसांचं कसलं कौतुक?
मी म्हणायचो, अगं, गावाचं नावच
कापलेल्या नाकावरून पडलंय.
दसऱ्याला रामकुंडावर दहा तोंडांचा कागद पेटतो,
हजार मोबाइल वर होतात.
बाण मारणाऱ्याचा फोटो
त्याच्या सख्ख्या भावाकडे तरी असेल का?
ती म्हणायची, जेवा आता.

थिएटर बंद करायचं ठरलं
तेव्हा मालकांचा धाकटा आला, राजवर्धन.
मला ऑफिसात बसवलं, चहा मागवला,
गुडघा कसा आहे, विचारलं.
आवाज चढवला नाही.
मग म्हणाला, काका, तीस तारखेपर्यंतच.

मी बघत राहिलो.
वाक्य पाठ होतं, उच्चार स्वच्छ.
पण गुडघ्याचं विचारलं
आणि मी तोंड उघडायच्या आत
ह्यानं मोबाइल बघितला.
कच्चं काम.

म्हणून मी बोललो नाही.
खांदे खाली सोडले.
ऑफिसातही पंखा त्याच जुन्या लॉटचा,
मोजू लागलो.
नवव्या फेऱ्याला त्यानं कप उचलला,
रिकामा होता, तरी प्यायला.
अकराव्याला म्हणाला, काका?

चौदा झाले.
'दुखतो,' मी म्हटलं,
'जिना चढताना.'
आणि बॅटरी टेबलावर ठेवली,
चालू,
काच त्याच्याकडे.