इतर, असल्यास नमूद करा

साठ तास भरायचे होते वर्गाबाहेर,
दोन क्रेडिटसाठी.
खैरनार सरांनी नकाशावर पेनचं टोपण ठेवलं
नासर्डीच्या काठी, सातपूरच्या अलीकडे,
म्हणाले, पुस्तकं नकोत. जुन्या चपला घाला.

मी आणि इम्तियाज.
एक क्लिपबोर्ड, बावीस प्रश्न,
गळ्यातल्या ओळखपत्रावर
माझा बारावीचा, दोन वेण्यांचा फोटो.

लोकांनी आम्हाला आधी गॅसवाले समजलं,
मग जनगणनावाले.
एक आजोबा म्हणाले, पाडायला कधी येणार तेवढं सांगा,
म्हणजे पोरीचं लग्न अलीकडे घेतो.
इम्तियाजनं ते लिहिलं नाही.
रकानाच नव्हता.

लंकाबाई गांगुर्डे सेकंड शिफ्टला निघायच्या घाईत होत्या.
भाकरी थापता थापता बोलल्या:
हा खांब दोन वर्षं आंधळा आहे.
कंपनीची गाडी साडेअकराला पुलावर सोडते,
तिथून घर दोनशे बारा पावलं.
अंधारात मोजलीत, चुकायची नाहीत.

प्रश्न चौदा. तक्रार कोणाकडे करता?
अ, नगरसेवक. ब, विभागीय कार्यालय.
क, मोबाइल अ‍ॅप.
ड, इतर, असल्यास नमूद करा.

"आत्ता तुझ्याकडं केली की," त्या म्हणाल्या,
"ती कुठं लिहिशील?"

भाकरी फुगली.
मी ड समोर माझं नाव लिहिलं,
पूर्ण, वडिलांच्या नावासकट,
परीक्षेच्या बाहेर पहिल्यांदाच.

मग अर्ज. मला फक्त रजेचा येत होता.
लंकाबाई म्हणाल्या, नम्र विनंती नको लिहू.
खांब आहे, लिही. दिवा नाही, लिही.

खिडकी क्रमांक तीन.
खांबाचा नंबर?
आम्ही एकमेकांकडे बघितलं.
तेवढ्यात जेवणाची सुट्टी झाली.

परत वस्तीत. पाच रुपयांच्या नाण्यानं
खरवडला एक टायपिंग क्लास,
त्याखालचा दहाव्याचा कागद,
त्याखालचं कुणाचं तरी हात जोडलेलं हसू,
आणि सगळ्यात खाली, पिवळ्या रंगात,
चारशे सतरा.

पोचपावती मिळाली. जांभळा शिक्का, तारीख पुसट.
सरांनी ती अहवालाला जोडली, परिशिष्ट क.
सभागृहात सादरीकरण, मागे स्लाइड,
नंतर चहा आणि गार कचोरी.
श्रेणी अ.
बावन्न तासांचंच काम झालं होतं खरं तर,
आठ सरांनी भरून घेतले.

मार्चमध्ये मिस्ड कॉल आला.
मी उलट लावला.
"लागला गं दिवा," लंकाबाई म्हणाल्या,
"पण आता दिवसाही चालूच असतो.
भर उन्हात जळतोय नुसता, बघवत नाही.
बंद करायला अर्ज कुठं?"

विषय संपलेला. गुणपत्रिका आलेली.
इम्तियाज इंटर्नशिपला पुण्यात.

मी वहीचं मागचं पान फाडलं.
खांब आहे, लिहिलं.
दिवा आहे, लिहिलं.
पुढं काय लिहायचं ते सुचेना,
तसाच कागद घडी घालून
शनिवारी खिडकी तीनकडे निघाले.
शनिवारी सुट्टी असते, हे
पोचल्यावर कळलं.