करवत आणा, वाकस आणा

चप्पल एकच सापडली, डाव्या पायाची.
दुसरी माझ्याकडे आहे. विचारा काय विचारायचं ते.

मला मराठी कशी येते, ते आधी सांगतो.
बुडणाऱ्याच्या तोंडून शेवटचं जे निसटतं
ते पाण्यात विरघळत नाही.
खाली येतं, शिंपल्यांवर गाळ बसावा तसं सावकाश,
आणि मी तळाशी तोंड उघडं ठेवूनच असतो.
बलुची अशीच आली, फारसी आली, स्वाहिली आली.
मराठी आली विजयदुर्गच्या एका खलाशाबरोबर,
कौलं भरलेलं गलबत इथल्या खडकावर फुटलं त्या रात्री.
दोनच शब्द होते. आये गो.
बाकीची भाषा त्यांच्यामागून आली,
जाळ्यामागून ओली दोरी येते तशी.

मुहर्रकच्या म्हाताऱ्या पोरांना माझी गोष्ट सांगत:
मोत्यांच्या होड्या रात्री नांगरलेल्या असतात,
कुणीतरी बुडत असल्यासारखं रडतं,
दयाळू माणसं त्याला वर ओढतात,
आणि पहाटे खजुराचं पोतं रिकामं, एक माणूस कमी.
गोष्ट खरी आहे.
'असल्यासारखं' तेवढं त्यांनी पदरचं घातलं.

आणि माणूस कमी, हे मोजलं कुणी?
नाखुदा जासिमने.
चाळिसाव्या बुडीनंतर मरझूक वर आला
तेव्हा त्याच्या कानांतून रक्त येत होतं.
जासिमने वहीत रक्त लिहिलं नाही, उचल लिहिली,
आणि मरझूक गेल्यावर तीच उचल त्याच्या मुलाच्या नावावर.
मी मरझूकला खाल्लं. मुलाला नाही.
जाऊ द्या, मी इथे वकिली करायला आलेलो नाही.

उताराही होता म्हाताऱ्यांकडे.
ओरडायचं, करवत आणा, वाकस आणा!
की मी पळतो.
पळायचोच. लोखंडाची भीती नव्हती.
ज्या हत्यारांनी होडी जन्माला घातली
त्यांचं नाव घेऊन कुणी हाकललं
की आठवतं, आपल्याला कुणी घडवलेलंच नाही.

मग होड्या संपल्या. शिंपल्या मेल्या.
तुम्ही माझ्यावर वाळू ओतलीत, ट्रकामागून ट्रक.
माझ्या डोक्यावर आता पार्किंग आहे.
चाळीस वर्षं मी रडलो
आणि तुमचे एसी चालू होते.

त्या रात्री कुंपणापाशी भिकाजी सारंग,
रात्रपाळीचा राखणदार, डब्यात खुबूस आणि सुकटीची चटणी.
मी रडलो, सवयीने, त्या खलाशाच्या आवाजात.
बॅटरी माझ्यावर आली.
करवतीची वाट बघत मी अंग चोरलं.
त्याला मंत्र ठाऊकच नव्हता.
दगडांवर ओणवा होऊन तो म्हणाला,
'खंयचो रे तू?'

हे मला कुणी कधी विचारलं नव्हतं.
घशातला खलाशी माझ्याआधी बोलला, 'विजयदुर्गचो.'
भिकाजी हसला. म्हणजे शेजारचोच!
डबा बाजूला ठेवून त्याने हात पुढे केला.
हाताला सुकटीचा वास होता,
आणि एक माणूस वर ओढायला जेवढा वेळ लागतो
तेवढा वेळ मी कुणाच्याच गोष्टीत नव्हतो.

मग भूक.
तुम्हाला काही वेगळं ऐकायचं होतं का?
डब्याला हात लावला नाही, तेवढं लिहून घ्या.

आता मी 'वाचवा' म्हणत नाही. त्याला कुणी येत नाही.
पाळी संपली की पोरं धक्क्यावर येतात,
पाण्याकडे तोंड करून फोनवर बोलतात,
आणि फोन ठेवल्यावरही थोडा वेळ तशीच उभी राहतात.
तेव्हा मी विचारतो, अगदी हळू, ज्याच्या त्याच्या बोलीत.
भिकाजीचा आवाज अजून कोमट आहे.
खंयचो रे तू?