नऊ ते सहा

गेटवरचं यंत्र बोंबलतं म्हणून
मिहिर रोडगे आपले दोन चाकू
सकाळी माझ्या टपरीवर ठेवून वर जातो.
सातवा मजला, काचेचा.
वागळे इस्टेट, सोळा नंबर रोड. खाली मी:
चाव्या, कात्र्या, झेरॉक्सवाल्याचं कटर,
जे येईल त्याला धार.

"दोन्ही वापरून बघा काका. एक ठेवणार, एक विकणार."
आणि किंमत सांगितली.
मी चहाचा ग्लास खाली ठेवला.

पहिला टायटॅनियमचा, राखाडी.
मिटला की पातं बरोबर मध्यात.
फिलर गेज लावला. जी पट्टी डावीकडे अडली
तीच उजवीकडे अडली.
मागच्या कानाला तर्जनी नुसती टेकवायची,
पातं छर्‍यांवरून घरंगळत बाहेर,
आणि लॉक बसतानाचा तो आवाज,
चांगल्या डायमध्ये पंच उतरतो तसा.
तेवीस वर्षं ऐकलाय. झोपेतही ओळखीन.

दुसरा जुन्या घाटाचा. शिंगाची मूठ,
लॉक वगैरे नाही, पाठीला स्प्रिंगची पट्टी,
पात्यावर नखापुरती खाच.
अर्धा उघडला की पट्टी केसभर वर येते.
बोट फिरवलं, लागली.
परुळेकरसाहेबांनी लाल खडूची फुली मारली असती.

मग कामाला घेतले.
पहिल्याने अकरा खोकी फाडली, केबल सोलली,
जाड पट्टा कापला,
तरी दुपारी मनगटावरचे केस साफ काढत होता.
पण पेरू?
पेरू कापला नाही, फुटला.
पात्याची पाठ एवढी जाड
की त्याला जगात काहीतरी तोडायचंय, पेरू नाही.
दुसरा असा गेला पेरूतून
की फोड पडल्यावर कळलं.
मात्र लिंबू चिरलं तर लगेच निळे डाग,
आणि चौथ्या खोक्याला धार गेली.

इथवर बरोबरी.
नाही, इथवर पहिलाच पुढे. खोटं कशाला बोलू?

भानगड मिटताना झाली.
पहिल्याचं लॉक उजव्या अंगठ्याने ढकलायचं,
एका हातात, ऐटीत.
माझा उजवा अंगठा इथेच,
आत्ता लिफ्ट आहे त्या जागी,
चाळीस टनी प्रेसखाली राहिला.
डाव्या हाताने उलटसुलट करून पाहिलं,
पट्टी सरकली, पातं धावून आलं,
बोट थोडक्यात वाचलं.
मग उघडाच ठेवला फडक्यावर, टोक भिंतीकडे,
आणि चाव्या घासत बसलो.
तिघांनी विचारलं, विकायचा का?

दुसरा पहिल्यापासूनच दोन हात मागतो,
कुणाकडेही.
उजव्या मुठीत धरायचा,
डाव्या अंगठ्याचं नख खाचेत. टक्.
मिटतानाही टक्.
रिकामा बसलो की उघडायचो, मिटायचो.
शेजारचा झेरॉक्सवाला शेवटी म्हणाला, पुरे आता.

सहाला मिहिर उतरला.
"निकाल?"
म्हटलं, बांधणी पहिल्याची.
असा फिट मी सबंध नोकरीत दोनदा साधला असेल.
हाच ठेव, तुझा हात तसा आहे.
त्याने फडक्यावरून उचलला,
फोनवर बोलता बोलता
अंगठ्याने मिटला, खिशात टाकला.

मग दुसऱ्याकडे पाहिलं,
मग माझ्या हाताकडे. पहिल्यांदाच, बहुतेक.

"हा विकायचा तर," मी घाईने म्हटलं,
"आधी स्प्रिंग घासून देतो. केसभर वर आहे.
आठवडा लागेल."

काम दहा मिनिटांचं.
परवा तिसरा आठवडा लागला.