सात कामट्या

राजधानीतून साहेब आला तेव्हा
मी लसूण निवडत होते:
एककळी वेगळा, किडका वेगळा.
त्याने चपला बाहेर काढल्या,
पूर्वजांच्या फळीपुढे उदबत्ती लावली,
आणि हळूच विचारलं,
"तो कागद अजून आहे ना?"

आहे.
बांबूच्या नळीत, मेणकापडात.
ती लिपी आता आमच्या घरात कुणाला येत नाही.
साहेबाने पांढरे हातमोजे घातले
आणि खिडकीशी नेऊन वाचू लागला:

तिसऱ्या महिन्यात निघावे. पाच होड्या.
माणशी सहा महिन्यांचा तांदूळ.
माणशी एक चटई, सात कामट्या, वेताची दोरी,
नाव कोरलेली एक पट्टी.
आठव्या महिन्यात परतावे.

"बघा," साहेब म्हणाला, "दरसाल राजा माणसं पाठवायचा.
खडक मोजायला, फुटक्या गलबतांतलं कथील आणायला.
म्हणजे मालकी आपलीच. कागद बोलतो."

बोलतो खरा.
पण चटई कशाला, ते बोलला का?
झोपायला नव्हती, साहेब.
मेलेल्याला तिच्यात गुंडाळायचं,
बाहेरून कामट्या लावायच्या, वेताने आवळायचं,
पट्टी खोचायची, आणि पाण्यावर सोडायचं.
स्वतःची तिरडी काखोटीला मारून
राजाचा हक्क सांगायला गेलेली माणसं ती.

मागे उतारावर त्यांची थडगी आहेत.
आत कुणी नाही.
तुआत म्हातारा डोंगरमाथ्याची माती मळतो,
तुतीच्या फांदीची हाडं घालतो,
पुरुषाला बरगड्या सात,
वर अंड्याच्या बलकाची कातडी.
तीन वर्षांपूर्वी त्याने माझा नवरा केला.
नाक जरा जास्तच सरळ झालं.
मी काही बोलले नाही.

त्या खडकाला आमच्यात एक नाव,
हाइनानला दुसरं.
फ्रेंचांनी तिसरं दिलं, इंग्रजांनी चौथं,
जपान्यांनी लढाईत पाचवं.
चौऱ्याहत्तर साली तिथे तोफा झाल्या
तेव्हा आमच्याच देशाचे दोन देश होते.
भरती आली की खडक बुडतो,
मग कुठल्याच नावाने दिसत नाही.

नवऱ्याला एकदा पकडून नेलं होतं, चाळीस दिवस.
तिथे फू नावाचा आचारी होता, दात नसलेला.
त्याने आजोबांची वही दाखवली,
लाल दोऱ्याने शिवलेली:
कोणत्या वाऱ्याला किती प्रहर, कुठे प्रवाळ, कुठे आडोसा.
त्यांच्याकडेही साहेब आला होता म्हणे, वही मागायला.
फूने दिली.
एक पान मात्र आधी काढून घेतलं होतं.
ते त्याने तळहातावर बोटाने लिहून, खुणा करून
माझ्या नवऱ्याला सांगितलं:
इथे गोडं पाणी आहे.
विहीर आपण खणलेली नाही.

हे मी साहेबाला सांगितलं नाही.
त्याला बोटीची घाई होती.
शेरभर लसूण बांधून दिला, तो त्याने घेतला.

पावती लिहिताना म्हणाला,
"घरमालकाच्या नावाआधी दिवंगत लिहू?"

नका लिहू, म्हटलं.
आठव्या महिन्यात परतावे,
तुमच्या हातातल्या कागदातच आहे की.