रकाना

विश्रांतवाडीच्या कचेरीत, खिडकी क्रमांक चारपाशी
बाई म्हणाल्या, पन्नास सालाच्या आधीचा पुरावा हवा.
शाळेचा दाखला?
शाळेच्या पायरीपर्यंतच गेलेला माणूस, बाई.
जमीन?
मी नुसता हसलो. त्याही हसल्या थोड्या,
त्यांना सवय असणार.

मग आत्याच्या बिस्किटाच्या डब्यातून निघाला
चार घड्यांचा एक कागद,
मधोमध वाळवीनं चंद्र पाडलेला.
यमाजी धोंडनाक ओव्हाळ, राहणार दापोडी,
उंची पाच फूट पाच,
छाती तेहतीस, फुगवून पस्तीस,
ओळखीची खूण डाव्या भुवईवर व्रण,
आणि एक रकाना, कॉपिंग पेन्सिलीनं भरलेला,
ओल लागून जांभळा पसरलेला : महार.

आत्या सांगते ते असं.
आधी दोनदा गेला होता तो खडकीला.
टेबलामागच्यानं विचारलं, कोण?
यानं सांगितलं.
त्यानं हात हलवला, जेवताना माशी वारतात तसा.
लढाऊ जातींची यादी होती म्हणे, छापील.
यमाजीचा आजा पलटणीत हवालदार होऊन मेला
हे यादी करणाऱ्याला ठाऊक नव्हतं,
किंवा होतं.

मग माणसं कमी पडली.
बोटी भरून गेल्या, येताना हलक्या आल्या.
सतरा साली तेच टेबल म्हणालं, छाती फुगव.
टेपचं एक टोक यमाजीनं स्वतःच धरलं उराशी,
माप घेणाऱ्याला शिवायचं नव्हतं.
तेहतीस, ओरडला तो चार हातांवरून.
फुगव. पस्तीस.

एकवीस साली पलटण मोडली.
बूट जमा, पट्टा जमा, पाण्याची बाटली जमा.
हॅरिस पुलावरून अनवाणी घरी.
चार वर्षांत तळवे मऊ पडले होते,
खडे फार टोचले,
एवढंच तो बोलला लढाईबद्दल.

दुसऱ्या लढाईत त्याचं वय उलटलेलं.
खडकीच्याच मिलिटरी हॉस्पिटलात झाडू मारायला लागला.
तिथं ब्रह्मदेशातून आलेला एक शिपाई होता, आफ्रिकेचा,
गालांवर कापून काढलेल्या तीन तीन रेघा,
दंडावर कोळ्याचं चित्र,
डावा पाय गुडघ्यापर्यंतच.
स्वतःहून भरती झालेला, असं त्यानं छातीवर थाप मारून सांगितलं.
मग बोट स्वतःच्या कातडीवर घासलं,
साहेबांच्या वॉर्डाकडे दाखवलं,
आणि हवेत एक शून्य काढलं.

यमाजीला कळलं.
त्यानं झाडू भिंतीला टेकवला,
आपलंही सांगावं म्हणून हात उचलला
आणि तसाच राहिला.
काय घासून दाखवणार?
आपलं कातडीवर उमटत नाही,
विचारल्याशिवाय कळत नाही कुणाला.
म्हणून तर रकाना.
शेवटी त्यानं भुवईवरचा व्रण दाखवला.
तो काही त्यातला नव्हता,
लहानपणी बैलाचं शिंग लागलेलं.
पण त्या माणसानं मान हलवली, खूप वेळ,
आणि मगातला अर्धा चहा पुढे केला.
यमाजीनं आधी मागे पाहिलं,
कुणी बघतंय का.
मग प्याला.
मग मग कुठं ठेवायचा ते त्याला सुचेना,
आत्या म्हणते, घरी येऊनही हात तसाच, मुठीत काहीतरी धरल्यासारखा.

बाईंनी कागद उजेडाकडे धरला.
वाळवीच्या चंद्रातून मला त्यांचा एक डोळा दिसला.
हे चालेल, म्हणाल्या,
या रकान्यामुळेच चालेल.
दोन झेरॉक्स, एक साक्षांकित.

दुकानात मशीनचा हिरवा उजेड कागदाखालून सरकला.
पोरगी वाकून वाचत होती, तिचाच अर्ज होता.
तेहतीसचे पस्तीस कसे झाले?
श्वास आत घेऊन धरायचा, म्हटलं.
किती वेळ?
झेरॉक्सवाल्यानं सहा रुपये मागितले.
सुट्टे नव्हते माझ्याकडे.